भुईमुगाची पितळी शेंग

डांक्वामामाच्या पेटीत नऊ वजनं होती.
एक मांगूर मासा, एक कुलूप, एक साळिंदर,
पाच साधी, चौकोनी, रेघारेघांची,
आणि एक भुईमुगाची शेंग, पितळेची,
इतकी हुबेहूब, की लहानपणी मी ती दातांनी फोडायला गेले.

मामा हसला नाही. म्हणाला, ही खरीच होती.
शेंगेला चिखल लिंपला, भट्टीत ठेवली,
शेंग जळाली, तिची जागा उरली,
त्या जागेत पितळ ओतलं.

ओफिन नदीच्या बायका
लाकडी परातीत दिवसभर वाळू घोळवायच्या
आणि पिसाच्या पोकळ दांडीत कण भरून आणायच्या.
मामा गुंजांनी ताजवा जुळवून घ्यायचा,
एका पारड्यात सोनं, दुसऱ्यात साळिंदर.
श्वास धरा, म्हणायचा, उडेल.
आख्खी ओसरी श्वास धरायची.

त्या धरलेल्या श्वासांवर मी शिकले.
नर्सिंगची तीन वर्षं, पांढरे बूट,
आईच्या घरावर पत्रा.
खोटं कशाला बोलू?
सोन्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

मग पिवळी यंत्रं आली.
भाऊ म्हणाला, कोको वर्षातून एकदा पैसे देतो,
जमीन आज देते.
बादूचं चुकलं असंही नाही; त्या साली
कोकोच्या शेंगा झाडावरच काळ्या पडत होत्या.
बाबांनी लावलेली बेचाळीस झाडं
एका दुपारी आडवी झाली.
नदी दूध घातलेल्या चहासारखी झाली.
तिच्यात आता मांगूर दिसत नाही,
उतरलं तर आपला पायही दिसत नाही.

घरात सुबत्ता आली की सोन्याचा धूर निघतो म्हणतात.
मी तो पाहिलाय.
ज्या तव्यावर वहिनी केळी तळायची
त्यावर बादू पाऱ्याची गोळी ठेवायचा,
आणि धूर निघायचा, दिसला न दिसलासा.
त्याला वास नसतो.
वहिनीला ठसकाही लागला नाही,
नुसतं दार उघडून ती पुन्हा चुलीपाशी बसली,
सहा महिन्यांचं पोट सांभाळत.
मी ओरडले. बादू म्हणाला,
तुझे बूट कशातून आले?

हे मी मामाला सांगितलं नाही, तो तेव्हा अंथरुणावर होता.
त्यानेच एका रात्री पेटी मागितली,
शेंग माझ्या तळहातावर ठेवली.
आत शिसं आहे, म्हणाला. दोन गुंजा जास्त.
विकायला साळिंदर. घ्यायला ही.
मी हिशेब करत बसले:
दोन गुंजा, किती बायका, किती वर्षं...
मधेच तो झोपला. की झोपल्यासारखा पडून राहिला,
मला कळलं नाही.

बादूची मुलगी दीड महिना लवकर आली.
काट्याच्या झोळीत मीच तिला ठेवलं.
काटा थरथरला, मग थांबला.
एक किलो सातशे.
दारात बादू श्वास धरून उभा,
चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला,
एका हातात आता तो मावत नाही, सांडतो.
किती? त्याने विचारलं.
मी आकडा सांगितला. तो सोन्यातला माणूस,
ग्रॅमात बोलणारा; सतराशे, तो पुटपुटला,
जणू कुणी एवढं एकगठ्ठा कधी पाहिलंच नव्हतं.

खिडकीतून आमचं शेत दिसतं.
म्हणजे खड्डा दिसतो, हिरव्या पाण्याचा.
झाडं गेली, जागा उरली.

मोठ्या इस्पितळात काचेची पेटी आहे, ऊब देणारी.
गाडीवाला आगाऊ पैसे मागतो.
बादूने कप खाली ठेवला, खिसा चाचपला,
कागदाची एक पुडी काढली, घड्या घातलेली.
ही घे, म्हणाला, वजन करून.

मी घेतली.
वजन केलं नाही.